खालचा पंचम निघत नाही? आधी बासरी तपासा

सहाही छिद्रं झाकली तरी मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला ‘प’, नुसता फुसफुसतो, वरचे स्वर मात्र बरे लागतात. अशा वेळी शिकणारा स्वतःच्या फुंकरीला दोष देत बसतो, याचं मला फार वाईट वाटतं. बोटं नीट बसत असतील, तर बासरीला बारीक चीर गेली आहे का ते आधी पाहा. कोरड्या हवेत बांबू आक्रसतो आणि तडकतो. एसीची खोली किंवा उन्हात उभी गाडी त्याला पुरते.

फुंकरीचं छिद्र धरून सातही छिद्रांवर चिकटपट्टी लावा आणि उघड्या टोकाला तोंड लावून हवा ओढा. ओढ टिकली तर बासरी शाबूत आहे. सुटली, तर बासरी उजेडात तिरकी फिरवून चीर शोधा. बंद टोकाच्या बुचाची कडही बघा. तिथून हवा जात असेल तर थोडं मधमाशीचं मेण पुरतं. बूच मात्र जागचं हलवू नका, सूर बिघडतात.

चीर सापडली की लगेच तेल लावायचा मोह होतो. तो टाळा, तेलकट बांबूवर गोंद धरत नाही. चिरेच्या दोन्ही बाजूंना रबरबँड ताणून बसवा आणि फेविक्विकचा एकच थेंब सोडा. तो आपोआप आत ओढला जातो. वरचा ओघळ लगेच पुसा. रात्रभर हात लावू नका.

मग चिरेवर दोरा बांधायचा. पतंगाचा साधा दोरा चालतो, काचेचा मांजा नको. दोऱ्याचं एक टोक दुमडून त्याचा फास बासरीच्या लांबीच्या दिशेने ठेवा आणि त्याच्यावरून घट्ट, एकाला एक लागून वेढे घ्या. साधारण एक सेंटिमीटर झालं की उरलेलं टोक फासातून ओवा आणि फासाचं मोकळं टोक खेचा. गाठ वेढ्यांखाली जाते, बोटांना टोचत नाही. बांधणी छिद्रांच्या मधल्या जागेतच करा.

तेल त्यानंतर. दोन-तीन महिन्यांतून एकदा बदामाच्या तेलाचे चार थेंब कापडावर घेऊन आतून-बाहेरून फिरवा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसून काढा. पावसाळ्यात वाजवून झालेली ओली बासरी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत बुरशी धरते.

चीर फुंकरीच्या छिद्रातून गेली असेल तर मात्र घरी काहीच करू नका. त्या कडेवर गोंद बसला की आवाजच बदलतो. ती बासरी कारागिराकडे न्या.