बारशाचा ग्रुप फोटो: मागच्या रांगेतले चेहरे धूसर का येतात?

घरगुती समारंभांचे फोटो काढायला नुकतीच सुरुवात केली असेल, तर एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप मोठं उघडून, ग्रुप फोटो काढू नका. पाळण्यातलं बाळ एकटं टिपायला ते छान आहे. पण पुढे खुर्च्यांवर आजी-आजोबा आणि मागे काका-मावश्या उभ्या असतील, तर एकच रांग स्पष्ट येते. छिद्र लहान करून एफ ५.६ ते ८ ठेवा, फोकस पुढच्या रांगेतल्या डोळ्यांवर. शटरचा वेग १/१२५ सेकंदापेक्षा कमी नको, मुलं हलतातच. उजेड कमी पडला तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० पर्यंत बिनधास्त वाढवा. थोडा नॉईज (फोटोत दिसणारे दाणे) चालतो, हललेला चेहरा मात्र दुरुस्त होत नाही.

खिडकीचा उजेड पुरेसा असेल तर ट्यूबलाइट बंद करायला सांगा. दोन्ही मिसळले की गालावर हिरवट झाक येते.

आणि हा फोटो जेवणाआधीच उरकून घ्या. मागची रांग आधी लावा, आजींना सर्वांत शेवटी बसवा. त्यांना ताटकळत ठेवणं मला अजिबात पटत नाही. सलग सात-आठ फोटो घ्या, कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच.