पार्कातली जुनी चांदी: मेटल डिटेक्टर घेऊन चौघांनी निघायचं असेल तर

अमेरिकेत 1964 पर्यंतच्या डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि हाफ डॉलर (पन्नास सेंट) या नाण्यांत 90 टक्के चांदी आणि 10 टक्के तांबं असे. 1965 च्या कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी पार गेली. हाफ डॉलरमध्ये ती 40 टक्क्यांवर आली आणि 1970 पर्यंत टिकली. त्यामुळे नाणं हातात आलं की आधी साल बघायचं. साल पुसलं असेल तर कड बघा: नंतरच्या नाण्यांच्या कडेला तांब्याची लाल रेघ दिसते, चांदीच्या नाण्याची कड एकसारखी पांढरी असते. डाइमचं वजन 2.5 ग्रॅम, क्वार्टरचं 6.25, हाफ डॉलरचं 12.5. एका डाइममध्ये जेमतेम सव्वादोन ग्रॅम चांदी, म्हणजे या छंदावर घर चालवायचा विचार कुणी करू नये.

न्यू जर्सी, शिकागो, बोस्टनकडच्या मराठी मंडळींना जुनी शहरी पार्कं हाताशी आहेत, म्हणून हे मार्गदर्शन तिथलं आहे. सुट्टीत भारतात जाताना डिटेक्टर बॅगेत टाकू नका. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, आणि संरक्षित गडकिल्ल्यांवर परवानगीवाचून खणणं गुन्हा आहे. शिवराई सापडेल या आशेने गडावर खुरपं चालवणाऱ्याला कुणी दयामाया दाखवू नये.

आधी परवानगी

अमेरिकेतही मोकळं रान नाही. राष्ट्रीय उद्यानांत डिटेक्टर वापरणं तर सोडाच, सुटा करून बांधून ठेवलेला नसेल तर जवळ बाळगणंही नियमाविरुद्ध आहे. केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या शंभर वर्षांपेक्षा जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंना 1979 च्या कायद्याचं संरक्षण आहे. शहरांच्या आणि काउंटीच्या पार्कांचं मात्र गावागणिक वेगळं. न्यूयॉर्क शहर परवाना मागतं. काही गावं फक्त खेळाच्या मैदानाबाहेर परवानगी देतात, काही ठिकाणी खुरप्याच्या पात्याच्या लांबीवर मर्यादा असते, तर काही ठिकाणी खणायलाच बंदी असते. पार्क विभागाच्या संकेतस्थळावर नियम सापडला नाही तर ईमेल करा, उत्तर छापून खिशात ठेवा. गवत कापणारा माणूस हटकायला आला की तो कागद दाखवला की काम होतं.

जागा निवडण्यातच अर्धं काम

महागड्या मशीनने नव्या पार्कात काही मिळत नाही, साध्या मशीनने जुन्या पार्कात मिळतं. 1965 च्या आधी जिथं माणसं बसली, लोळली, खेळली, त्याच जागी चांदी पडली असणार. अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसमधले सॅनबॉर्न विमा नकाशे ऑनलाइन फुकट बघता येतात. त्यांवर जुना बँडस्टँड, पाडलेली इमारत, वळवलेला रस्ता, बुजवलेलं तळं शोधा. आज जिथं नुसतं गवत आहे, तिथं 1930 साली पाण्याचा नळ आणि बाकं असतील तर सुरुवात तिथूनच.

त्यापाठोपाठ म्हाताऱ्या झाडांची सावली, बेसबॉलच्या मैदानाच्या दोन्ही बाजू (बघ्यांची जागा), आणि बर्फात घसरगाड्या सुटायच्या त्या टेकडीचा उतार. उतारावर मुलं घरंगळत येतात आणि खिसे रिकामे होतात; शंभर वर्षांत यात फरक पडलेला नाही. लाकडी भुशाचं आवरण असलेलं झोपाळ्यांचं मैदान सोडून द्या, तिथं नव्या चिल्लरपलीकडे काही नसतं. बाहेरून माती आणून भर घातलेला भागही नको: जुना थर मशीनच्या पोहोचीखाली गेलेला असतो. दहा-पंधरा पावलांत एकही जुनी पेनी (एक सेंटचं नाणं) निघाली नाही म्हणून मात्र जागा बाद करू नका. 1909 ते 1958 च्या, मागे गव्हाच्या लोंब्या असलेल्या पेन्या निघू लागल्या की समजायचं, थर बरोबर आहे, चांदीही याच मातीत असणार.

सामान

गॅरेट, नोक्ता, माइनलॅब यांपैकी कुठल्याही कंपनीचं सुरुवातीच्या श्रेणीतलं मशीन पुरतं. वस्तू कुठल्या धातूची याचा अंदाज देणारा आकडा दाखवणारा पडदा आणि लोखंड गाळण्याची सोय मात्र हवी. कॉइल म्हणजे जमिनीवरून फिरवायची, मशीनच्या टोकाची चकती. अकरा इंचांच्या आसपासची डबल-डी प्रकारची कॉइल मोकळ्या गवतावर चांगली. खिळे-कचऱ्याच्या जागी सहा इंचांची छोटी कॉइल जास्त कमावते, कारण शेजारचं लोखंड चांदीचा आवाज झाकून टाकतं आणि मोठ्या कॉइलखाली दोन्ही एकाच वेळी येतात.

हातात धरायचा पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा छोटा डिटेक्टर, घ्याच. तो नसेल तर दोन मिनिटांचा खड्डा पंधरा मिनिटांचा होतो आणि गवताची वाट लागते. दातेरी कडेचं बळकट खुरपं, हेडफोन (शेजारच्या बाकावरच्या लोकांना टिंग-टिंग ऐकवायचं काही कारण नाही), माती ठेवायला जुन्या चादरीचा हातभर तुकडा, एक लिटर पाणी, हातमोजे, कमरेला दोन खिशांची पिशवी. एका खिशात नाणी, दुसऱ्यात कचरा. कचरा नाण्यांच्या वीसपट निघेल, तो घरी न्यायचा.

चौघांची वाटणी

दोन मशीनं जवळ आली की एकमेकांच्या कानात ओरडतात. दहा-पंधरा मीटर अंतर ठेवा आणि सुरू करताना प्रत्येकाने आळीपाळीने आवाज-शमनाचं बटण दाबा, सगळ्यांनी एकदम दाबलं तर उपयोग होत नाही. विजेच्या तारांखाली किंवा जमिनीतल्या केबलजवळ बडबड थांबतच नसेल तर संवेदनशीलता उतरवा किंवा जागा बदला. संवेदनशीलता पूर्ण चढवून ठेवणं ही नवख्यांची आवडती चूक. बडबडणारं मशीन दोन इंच खोल जाईलही, पण त्या गोंगाटात खरा आवाज हरवतो. ऐंशी टक्के पुरे.

गवताचा तुकडा दोरीने किंवा चार काठ्यांनी आखा, उभ्या पट्ट्या वाटून घ्या. पहिली फेरी झाली की दुसरी त्याला काटकोनात, आणि या वेळी पट्टी दुसऱ्याची. आडव्या पडलेल्या नाण्यावर कुणाचंही मशीन बोलतं, उभं किंवा तिरपं गेलेलं नाणं एका दिशेनेच ऐकू येतं. शंकास्पद आवाज लागला तर खणण्याआधी वेगळ्या कंपनीचं मशीन वापरणाऱ्या मित्राला बोलवा. दोन्ही मशीनं एकाच सुरात बोलली तर खुरपं काढा.

आणि सापडलेलं कुणाचं, हे गाडीत बसतानाच ठरवा. खणणाऱ्याचं, की सगळ्यांचं एका डब्यात? दोन्ही चालतं. चांदीचा जुना मॉर्गन डॉलर निघाल्यावर ठरवायला बसलात तर मैत्रीची परीक्षा होते.

आवाज ओळखणं

कॉइल गवताला जवळजवळ घासत, जमिनीला समांतर ठेवा. झाडू मारल्यासारखी दोन्ही टोकांना वर उचलली जाते, तिथंच खोली हरवते. एक झोका तीन-चार सेकंदांचा, आणि प्रत्येक झोका आधीच्यावर निम्मा चढलेला. खोल नाण्यासाठी घाई हाच सगळ्यांत मोठा शत्रू.

आकडे कंपनीनुसार बदलतात. गॅरेटच्या 0 ते 99 च्या पट्टीवर निकल (पाच सेंटचं नाणं) पन्नाशीच्या आसपास, 1982 नंतरची झिंकची पेनी सत्तरीत, डाइम ऐंशीच्या थोडं वर, क्वार्टर ऐंशीच्या शेवटाला. घोळ इथंच आहे: जुनी चांदीची डाइम, नवी डाइम आणि तांब्याची पेनी जवळजवळ एकाच जागी बसतात. आकड्यावरून चांदी ओळखता येत नाही, खोलीवरून अंदाज येतो. तोच आकडा दोन इंचांवर असेल तर बहुधा कालची चिल्लर. पाच-सात इंचांवरून बारीक, मऊ, पण दोन्ही बाजूंनी आणि पुन्हा पुन्हा तसाच येणारा आवाज आला तर गुडघे टेका. मशीनच्या पोहोचीच्या टोकाला आकडा चार-पाचने हलतो, त्याने बिचकू नका.

फसवणारेही ठरलेले आहेत. चेपलेला कॅन क्वार्टरसारखा गोड वाजतो. कॉइल फूटभर उचलून बघा, आवाज तितकाच राहिला तर वस्तू मोठी आहे. वाकडा खिळा एका दिशेने चांदीसारखा वाजतो, काटकोनात वळून झोका घेतला की घरघरतो किंवा सरकतो. गंजलेली बाटलीची बुचं डबल-डी कॉइलला विशेष फसवतात. कॉइल मागे ओढत टोकाने तपासा, आवाज फाटला की बूच. कॅनच्या कड्या निकलच्या आकड्यांत येतात. त्या गाळून टाकाव्यात असा मोह होतो, पण 1942 ते 1945 च्या युद्धकालीन निकलमध्ये 35 टक्के चांदी आहे, मागच्या बाजूला इमारतीच्या घुमटाच्या वर मोठं टांकसाळीचं अक्षर असतं. सोन्याच्या अंगठ्याही याच भागात वाजतात. म्हणून गाळायचं ते फक्त लोखंड.

खड्डा

पुढच्या वर्षी परवानगी मिळेल की नाही, ते इथं ठरतं. कॉइल आडवी-उभी फिरवून फुलीचा मध्य काढा. आधी पिनपॉइंटर गवतावर टेकवून बघा: वाजला तर वस्तू वरच आहे, बोटाने किंवा बोथट स्क्रूड्रायव्हरने उकरून काढा, खड्ड्याची गरज नाही.

खोल असेल तर मध्यापासून तीनेक इंच दूर राहून खुरप्याने घोड्याच्या नालेच्या आकाराचा काप घ्या, चार इंच खोल. चौथी बाजू कापायची नाही. ते बिजागर आहे, त्याच बाजूने मुळांना पाणी मिळत राहतं. पूर्ण गोल कापलेली चकती उन्हात दोन दिवसांत पिवळी पडते, आणि कावळे-खारी ती उलटून टाकतात ते वेगळंच. झाकण उलटा, सुटी माती चादरीवर, मग पिनपॉइंटर आधी झाकणाच्या मुळांत आणि मग खड्ड्याच्या भिंतींत फिरवा. नाणं कित्येकदा झाकणालाच चिकटून वर येतं आणि लोक खाली खणत बसतात. खुरपं सरळ मध्यात घालणाऱ्याच्या नाण्यावर पात्याची चीर पडते, आणि चिरलेल्या नाण्याला संग्राहक फक्त चांदीचा भाव देतात.

नाणं निघालं तरी खड्डा पुन्हा तपासा. खिशातून नाणी जोडीने पडतात. माती सगळी परत घाला, झाकण बसवा, टाचेने दाबा, अर्धा लिटर पाणी ओता. वळून बघितल्यावर जागा सापडली तर काम नीट झालेलं नाही. प्लास्टिकचा पाइप किंवा रंगीत वायर दिसली तर ती गवताला पाणी देणाऱ्या यंत्रणेची: थांबा, बुजवा, पुढे चला. कडक उन्हाळ्यात, गवत करपलेलं असताना खणूच नये. वसंतात किंवा शरदात पावसानंतर दोन दिवसांनी जमीन मऊ असते आणि गवत लगेच सांधतं.

घरी आल्यावर

चांदी मातीत फारशी कुजत नाही, कित्येकदा पांढरीशुभ्र निघते. म्हणूनच तिथल्या तिथे अंगठ्याने साल पुसायचा हात आवरा. मातीतली वाळू सँडपेपरसारखी ओरखडे पाडते. पाणी मारून, मऊ कापडात गुंडाळून आणा, घरी डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवा, माती आपसूक सुटते. टिपून कोरडं करा, घासू नका.

देवाऱ्यातली निरांजनं उजळायची सवय असलेल्यांना खास सूचना: चिंच नको, रांगोळी नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. 1916 ची, मागे डेन्व्हर टांकसाळीचं डी अक्षर असलेली मर्क्युरी डाइम फक्त 2,64,000 पाडली गेली. अशी एखादी घासून चमकवली तर तिची किंमत तुमच्याच हाताने उतरते. साल तपासून ते सर्वसाधारण निघालं आणि काळेपणा खुपतच असेल, तर अॅल्युमिनियमच्या फॉइलवर नाणं ठेवून गरम पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा, एखादं मिनिट. शंका असेल तर तेही करू नका, काळं नाणं काळंच ठेवा.

पुठ्ठ्याच्या नाणे-चौकटीत घालताना मागे तारीख, पार्कातली जागा, खोली आणि मशीनने दाखवलेला आकडा लिहा. चारही जणांच्या नोंदी एका नकाशावर मांडल्या की थर कुठे जातो ते दिसतं, आणि पुढच्या खेपेला दोरी कुठे बांधायची ते आधीच ठरलेलं असतं.