सीएमएमवर पुनरावृत्त छिद्रांचा प्रोग्रॅम कसा लिहावा

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाइप, ठिबक सिंचनाचे सुटे भाग, व्हॉल्व्ह आणि त्यांचे साचे बनवणारे कारखाने मोठ्या संख्येने आहेत, आणि या मालाच्या ड्रॉइंगवर एकच आकार वर्तुळात किंवा ओळींत पुनःपुन्हा आलेला दिसतो: फ्लँजवर (पाइप बोल्टने जोडणाऱ्या चकतीवर) आठ छिद्रे, साच्याच्या प्लेटवर सोळा किंवा बत्तीस कॅव्हिटी, म्हणजे वस्तूला आकार देणाऱ्या पोकळ्या. अशा आकारांसाठी सीएमएमच्या, म्हणजे प्रोबने वस्तूला स्पर्श करून मापे घेणाऱ्या मशीनच्या, सॉफ्टवेअरमध्ये पॅटर्न किंवा लूप ही सोय असते: एकदा लिहिलेली मोजणी ती ठरावीक अंतराने पुनःपुन्हा करते. तिने वेळ खरोखरच वाचतो. मात्र पहिल्या छिद्राच्या प्रोग्रॅममध्ये राहिलेली चूक ती उरलेल्या सर्व छिद्रांत जशीच्या तशी उतरवते. म्हणून येथे पॅटर्नच्या आज्ञेपेक्षा तिच्या आधीच्या तयारीला जास्त जागा दिली आहे.

उदाहरणासाठी १०० मि.मी. नाममात्र मापाचा, पीएन १६ (१६ बार दाबाच्या) दर्जाचा पोलादी फ्लँज घेऊ. त्याचा बाहेरचा व्यास २२० मि.मी., छिद्रांच्या केंद्रवर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, १८० मि.मी. आणि त्यावर १८ मि.मी. व्यासाची ८ छिद्रे असतात. पाइपलाइनच्या फ्लँजवर छिद्रे मध्यरेषेवर न घेता तिच्या दोन्ही बाजूंना सारखी विभागलेली असतात, त्यामुळे पहिले छिद्र एक्स अक्षापासून ०° वर नसून २२.५° वर येते, आणि त्याचे नॉमिनल (ड्रॉइंगप्रमाणे अपेक्षित) एक्स ८३.१४९ व वाय ३४.४४२ असे भरते. ही २२.५° विसरून ०° पासून सुरुवात केली, तर प्रोब छिद्रात न उतरता थेट फ्लँजच्या पृष्ठभागावर जाऊन आदळतो.

सर्वप्रथम अलाइनमेंट करावी, म्हणजे मशीनचे अक्ष वस्तूशी जुळवून घ्यावेत. फ्लँजच्या मशीन केलेल्या पृष्ठभागावर, छिद्रांच्या मधल्या जागांत, सर्वत्र विखुरलेले किमान आठ बिंदू घेऊन प्लेन बांधावे, कारण तीन बिंदूंत प्लेन बनते खरे, पण एखाद्या बिंदूखाली कचरा असला तरी ते कळत नाही. मूळबिंदू मधल्या बोअरच्या केंद्रावर ठेवावा. खरा प्रश्न तिसऱ्या डेटमचा (डेटम म्हणजे मोजणीचा आधार), म्हणजे फिरण्याची दिशा कशाने बांधायची याचा असतो. की-वे (चावीची खाच) असेल तर ड्रॉइंगमध्ये बहुधा तोच दिलेला असतो. या फ्लँजला तसा तिसरा डेटम नाही. अशा वेळी पुष्कळजण पहिल्या छिद्रावरून दिशा ठरवतात आणि तीच शेवटपर्यंत ठेवतात. मग पहिल्या छिद्राची कोनीय चूक अहवालात नेहमी शून्य दिसते आणि त्याच्या वाट्याची चूक बाकीच्या सात छिद्रांच्या माथी येते. माझ्या मते योग्य पद्धत अशी की पहिल्या छिद्राचा उपयोग फक्त मशीनला वाट दाखवण्यापुरता करावा, आठही छिद्रे मोजून घ्यावीत, आणि त्यानंतर आठांच्या बेस्ट-फिटवरून, म्हणजे सगळ्यांशी मिळून सर्वांत चांगल्या जुळणीवरून, फक्त फिरण्याची दिशा पक्की करून पोझिशन, म्हणजे छिद्र नेमक्या जागेपासून किती सरकले याचे माप, काढावी.

आता पहिले छिद्र. त्यात किती बिंदू, किती खोलीवर आणि कोणत्या वेगाने घ्यायचे हे इथेच कायमचे ठरवावे. वर्तुळाला गणिताने तीन बिंदू पुरतात, तरी ड्रिल केलेल्या छिद्रासाठी मी आठ घेतो आणि काठावरच्या चॅम्फरपासून (तिरक्या कापापासून) पुरेसे खाली घेतो. छिद्रात शिरण्यापूर्वी आणि मोजून झाल्यावर क्लिअरन्स प्लेनवर (वस्तूच्या वरच्या सुरक्षित उंचीवर) येण्याची हालचाल याच तुकड्यात लिहिलेली असली पाहिजे. ती तुकड्याबाहेर राहिली तर पॅटर्नमध्ये तिची नक्कल होत नाही आणि स्टायलस (प्रोबची स्पर्श करणारी काडी) एका छिद्रातून दुसऱ्याकडे धातूमधूनच जाऊ पाहतो. एवढे लिहून झाल्यावर पॅटर्न लगेच लावू नये. हे एकच छिद्र तीन-चार वेळा चालवावे आणि आकडे जुळतात ना ते पाहावे.

पुनरावृत्ती करण्याच्या दोन वाटा आहेत. पीसी-डीमिस या सीएमएम सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या छिद्राचा तुकडा कॉपी करून, पॅटर्नमध्ये ४५° आणि संख्या देऊन पेस्ट करता येतो. त्यातून सात स्वतंत्र नकला तयार होतात. इथली संख्या नकलांची असते, म्हणून आठ छिद्रांसाठी ७ द्यावी लागते, तर लूपमध्ये मोजणी १ ते ८ अशी असते. झाइसच्या कॅलिप्सो या सॉफ्टवेअरमध्ये पॅटर्न हा त्या आकाराचाच गुणधर्म म्हणून जोडला जातो. नकलांचा फायदा असा की एखाद्या छिद्रापुढे फिक्स्चरचा क्लॅम्प आला तर तेवढ्याच नकलेत वाट बदलता येते. तोटा असा की पुढे बिंदूंची खोली बदलायची ठरली तर ती आठ ठिकाणी बदलावी लागते. लूपमध्ये दुरुस्ती एकाच जागी होते, पण प्रत्येक फेरीचा निकाल वेगळ्या क्रमांकाने साठवला जातो याची खात्री करून घ्यावी लागते, नाहीतर हाती फक्त आठवे छिद्र उरते. छिद्रे आठ असोत की बत्तीस, तीच वस्तू वारंवार येणार असेल तर मी लूप निवडतो.

कोन लिहिताना आकडा गोल करू नये. आठ छिद्रांना ४५° नेमके येतात. परंतु सात छिद्रांचा फ्लँज आला आणि ३६० भागिले ७ ऐवजी ५१.४३° लिहिले, तर प्रत्येक पायरीला थोडी चूक साठत जाते आणि सातव्या छिद्राशी, ९० मि.मी. त्रिज्येवर, ती सुमारे १३ मायक्रॉन होते. पोझिशन व्यासाच्या रूपात सांगतात, म्हणून तिच्यात ती दुप्पट मोजली जाते. त्यासाठी भागाकार तसाच सूत्ररूपाने लिहावा आणि प्रत्येक फेरीचा कोन मूळ अलाइनमेंटपासून, फेरीचा क्रमांक वजा १ गुणिले पायरी, असा काढावा. रावेर-यावलकडे केळीची लागवड करताना प्रत्येक रोपाचे अंतर मागच्या रोपापासून मोजले तर ओळ हळूहळू सरकते, म्हणून बांधावरच्या खुंटीपासून दोरी ताणून खुणा करतात. इथेही खुंटी एकच असावी.

काही सॉफ्टवेअरमध्ये लूपच्या प्रत्येक फेरीत कोऑर्डिनेट सिस्टिमच फिरवली जाते. तसे असेल तर लूप संपताच मूळ अलाइनमेंट परत बोलवावी, आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाही बोलवावी, कारण प्रोग्रॅम मध्येच थांबवला गेला तर पुढच्या वेळी मशीन फिरलेल्याच दिशेने काम सुरू करते.

छिद्रे बाहेरच्या परिघावर त्रिज्येच्या दिशेने असतील तर स्टायलसही वळावा लागतो, आणि हे काम पॅटर्न आपोआप करेल असे गृहीत धरू नये. ७.५° च्या टप्प्यांनी फिरणाऱ्या प्रोब हेडवर ४५° ची प्रत्येक जागा मिळते. सात छिद्रांच्या जागा मिळत नाहीत, तिथे रोटरी टेबल किंवा वेगळा स्टायलस योजावा लागतो.

साच्याच्या प्लेटसाठी दोन लूप एकात एक घालावेत, बाहेरचा ओळींचा आणि आतला स्तंभांचा. अहवालातला क्रमांक प्लेटवर कोरलेल्या कॅव्हिटी क्रमांकाशी जुळलाच पाहिजे. क्रमांकाची ही गोष्ट मी किंमत मोजून शिकलो. एका कामात माझा पॅटर्न, वरून पाहता, घड्याळाच्या उलट दिशेने मोजत होता आणि ड्रिलिंगवाले छिद्रे घड्याळाच्या दिशेने मोजत होते. मी तिसरे छिद्र सरकलेले कळवले आणि त्यांनी सातवे दुरुस्त केले. तेव्हापासून पहिल्या वस्तूवर मार्करने क्रमांक लिहून, मशीन कमी वेगाने चालवून, पडद्यावरचा क्रमांक आणि प्रोबखालचा क्रमांक मी प्रत्येक छिद्राशी ताडून पाहतो.

शेवटी अहवाल वाचताना एकेक आकडा न पाहता आठांची चूक एकत्र पाहावी. सर्व छिद्रे एकाच दिशेला सरकलेली असतील तर मूळबिंदू तपासावा, सर्व सारख्याच कोनाने फिरलेली असतील तर दिशेचा डेटम, आणि चूक क्रमाने वाढत गेली असेल तर कोनाची पायरी. सर्व छिद्रे केंद्रापासून बाहेर गेलेली दिसली तर आधी तापमान पाहावे. मे महिन्यात जळगाव-भुसावळ भागात पारा ४५° च्या आसपास जातो, आणि मापाचे प्रमाण तापमान २०° आहे. शॉपमधून ४०° ला आणलेल्या पोलादी फ्लँजचा १८० मि.मी. पीसीडी सुमारे ४१ मायक्रॉनने मोठा भरतो, आणि पीव्हीसीचा तर त्याच्या साधारण पाच-सहा पट. वस्तू मोजणीच्या खोलीत पुरेसा वेळ ठेवून मगच पुन्हा मोजावी. एकच छिद्र वेगळे पडले असेल तर ड्रिलिंगवर शेरा लिहिण्यापूर्वी त्या छिद्रातली बर (कडेला राहिलेला धातूचा कंगोरा) आणि चिप काढून, स्टायलसच्या टोकाचा रुबीचा गोळा पुसून, तेवढे छिद्र परत मोजावे.