जेल मिनिस्ट्रीत येताय? आधी या चुका टाळा

ऑगस्टचा दुसरा रविवार भारतातल्या कॅथलिक चर्चने कैद्यांसाठी राखून ठेवला आहे. त्या दिवशीच्या प्रवचनात संत मॅक्सिमिलियन कोल्बे हमखास येतात. ऑश्विट्झच्या छळछावणीत दुसऱ्या एका बायकामुलांच्या माणसाऐवजी मला मारा म्हणून पुढे झालेले हे धर्मगुरू १४ ऑगस्ट १९४१ रोजी गेले. लोक हेलावतात आणि सोमवारपासून जेल मिनिस्ट्रीसाठी, म्हणजे तुरुंगात जाऊन कैद्यांसोबत प्रार्थना आणि सेवा करण्यासाठी, माझा फोन वाजू लागतो. "फादर, मलाही जेलमध्ये सेवा करायची आहे. कधीपासून येऊ?"

या "कधीपासून"लाच माझी पहिली हरकत आहे.

परवानगी नाही आणि बॅग भरून तयार

इंग्लंडमध्ये १९५२ च्या प्रिझन ॲक्टनुसार प्रत्येक तुरुंगात चॅप्लेन, म्हणजे तिथल्यासाठी नेमलेला धर्मसेवक, असावाच लागतो. तो पगारी माणूस असतो, कमरेला चाव्यांचा जुडगा लावून फिरतो. तिकडचा कुणी भाचा सुट्टीत येऊन हे सांगतो आणि आमच्या पोरांना वाटतं, येरवड्यातही असंच असणार. नसतं. इथे पगार नाही, खोली नाही, चावी तर नाहीच. आपण पाहुणे आहोत, आणि पाहुण्याला गेटवर थांबवून ठेवायचा पूर्ण हक्क यजमानाला आहे.

चर्चच्या बाजूने पाहिलं, तर कॅनन लॉप्रमाणे (चर्चच्या कायद्याप्रमाणे) चॅप्लेन धर्मगुरूच असतो आणि त्याची नेमणूक बिशपस्वामींकडून होते. तुरुंगातल्या चॅप्लेनला कलम ५६६ ने एक जादा अधिकारही दिला आहे. ठरावीक बाबतींत आपोआप लागू झालेली चर्चची शिक्षा तो माफ करू शकतो, पण फक्त तुरुंगाच्या आत. बाकी सगळे, म्हणजे सिस्टर्स, सेमिनरीत धर्मगुरू व्हायचं शिक्षण घेणारे ब्रदर, निवृत्त शिक्षक, नवरा-बायकोच्या जोड्या, स्वयंसेवक म्हणून येतात. यात कमीपणा काहीच नाही. प्रिझन मिनिस्ट्री इंडिया १९८१ मध्ये केरळात सुरू झाली तीच सेमिनरीतल्या विद्यार्थ्यांच्या हातून.

पण बिशपस्वामींचं पत्र म्हणजे गेटपास नव्हे. सरकारी परवानगी वेगळी. अर्ज अधीक्षकांकडे द्यायचा, विषय पुण्याच्या कारागृह मुख्यालयापर्यंत जाऊ शकतो, चारित्र्य पडताळणी होते. वेळ लागतो. दर वर्षी कुणीतरी म्हणतोच, "फादर, आमच्या ओळखीचे आमदार आहेत." असू देत. आमदाराच्या फोनवर आत गेलेला माणूस अधीक्षकांची बदली झाली की बाहेर येतो. मी अर्जाच्या दोन प्रती करतो, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतो आणि ती प्रत प्रत्येक भेटीला गेटपर्यंत सोबत ठेवतो. ड्युटीवरचा शिपाई नवा असला की तोच कागद कामी येतो.

वाइनची बाटली

ही माझी आवडती तक्रार आहे, त्यामुळे जरा लांबेल.

गुरुदीक्षा होऊन वर्षही न झालेला एक फादर. पुनरुत्थानाच्या सणाला (ईस्टरला) एका जिल्हा कारागृहात मिस्सा, म्हणजे भाकर आणि वाइन अर्पण करण्याची आमची मुख्य उपासना, ठरलेली. अर्जात त्याने लिहिलं होतं, "पूजेचे साहित्य". एवढंच. गेटवर झडतीत बॅग उघडली तर अल्टरचं (वेदीचं) कापड, कप, मेणबत्त्या, काडेपेटी, धातूच्या साखळीच्या वीसेक रोझरी (जपमाळा) आणि पाऊण लिटरची, आधीच फोडलेली वाइनची बाटली. शिपायाने बूच काढून वास घेतला. फादर हसून म्हणाला, "अहो, ही चर्चची आहे." शिपायाने काही न बोलता रजिस्टरमध्ये लिहिलं: दारू, एक बाटली.

आता यात शिपायाचं काय चुकलं? त्याच्या लेखी ती दारूच. अधीक्षक सभ्य निघाले. गुन्हा नोंदवला नाही, चहा पाजून परत पाठवलं. पण तिथली आमची प्रार्थना पेन्टेकॉस्ट (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) उलटून गेला तरी बंद होती. आत ज्यांनी ईस्टरआधीचा उपवासकाळ नेमाने पाळला होता, त्यांना सणाला कम्युनियन (मिस्सेत अर्पण केलेली पवित्र भाकर) मिळालं नाही. फादर आपल्या चर्चमध्ये परतून संध्याकाळची मिस्सा करू शकला, त्यांना मात्र दुसरं चर्च नव्हतं.

या प्रसंगाची बातमी फिरली आणि एका दुसऱ्या शहाण्याने उलट टोक गाठलं. त्याने दुकानातलं द्राक्षाचं सरबत नेलं. "भाव महत्त्वाचा, फादर." भाव घरी ठेवा. कॅनन ९२४ सांगतं की वाइन द्राक्षाचीच, नैसर्गिक आणि न बिघडलेली हवी. सरबतावर मिस्सा होत नाही. आंबवण थांबवलेला ताजा द्राक्षरस चालतो, पण त्यालाही बिशपस्वामींची परवानगी लागते आणि तीही गंभीर कारणासाठी. कैदी आहे म्हणून त्याला खोटा संस्कार चालेल, असं जर मनात कुठे असेल तर कृपया जेलच्या वाटेला जाऊ नका.

माझी सवय अशी: अर्जात प्रत्येक वस्तू नावाने आणि मोजून लिहायची. "मिस्सेसाठी वाइन, २० मि.ली., छोट्या प्लास्टिक बाटलीत, धर्मगुरूच्याच ताब्यात, उरलेली सोबत परत." खाली अधीक्षकांचा शेरा घ्यायचा. त्यांनी नाही म्हटलं तर नाही. मग आदल्या मिस्सेतलं पवित्र कम्युनियन डबीत घेऊन जायचं आणि शब्दविधी (बायबलवाचन आणि प्रार्थना) करून ते द्यायचं. वाइनचा प्रश्नच मिटतो. रोझरी दोऱ्याच्या गाठींची न्यायची. वसईत आमच्या काही आजीबाई त्या इतक्या सुबक विणतात की शिपाईही एखादी मागून घेतात. मेणबत्ती पेटलीच पाहिजे असा हट्ट नको.

"इतक्या बारीक गोष्टी कोण बघतं?" असं विचारणाऱ्यांना मी फादर स्टॅन स्वामींची आठवण देतो. पार्किन्सन्सने हात थरथरणारा ऐंशीच्या पुढचा जेझुइट धर्मगुरू, तळोजा कारागृहात. पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा, हा विषय २०२० च्या नोव्हेंबरात कोर्टापर्यंत गेला होता. आत काय जाणार, हे तुम्ही ठरवत नाही.

"फक्त एक फोन कराल का?"

वाइनने आपली अब्रू जाते. या चुकीने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो.

आमच्या गटात बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. सज्जन, रोज मिस्सेला जाणारे, जेलमधली पोरं त्यांना बाबा म्हणायची. एका न्यायाधीन (खटल्याचा निकाल न लागलेल्या) पोराने, वय विशीच्या आसपास, प्रार्थनेनंतर रडत रडत गीतांच्या पुस्तकात चिठोरं सरकवलं. त्यावर मोबाईल नंबर. आई आजारी आहे, घरच्यांची मुलाकात बंद झालीय, एवढाच निरोप द्या: "मामांना म्हणावं, शुक्रवारी तब्येत सांभाळा, कोर्टात यायची दगदग करू नका." किती साधं वाक्य! काकांनी घरी जाऊन फोन केला, शब्द न शब्द सांगितला आणि वर आईसाठी प्रार्थना करतो म्हणाले.

मामा त्या खटल्यातले सरकारी साक्षीदार होते. शुक्रवारी ते आले नाहीत. पुढच्या तारखेला आले आणि आपल्याला कसा निरोप मिळाला ते न्यायालयात सांगितलं. कॉल रेकॉर्डवरून पोलीस काकांच्या दारात. जबाब, चौकशी, सोसायटीत कुजबुज. काकांवर खटला झाला नाही, पण त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत आणि त्यांनी जेलचं नाव टाकलं. आमच्या सगळ्या गटाची परवानगी थांबली ती वेगळीच.

१८९४ च्या तुरुंग कायद्याच्या कलम ४२ मध्ये मनाई असलेली वस्तू आत-बाहेर नेणं आणि कैद्याशी चोरून संपर्क करणं एकाच माळेत ओवलंय: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोनशे रुपये ऐकून नवखे हसतात. सहा महिन्यांकडे त्यांचं लक्ष जात नाही.

मी काय करतो? पहिल्याच भेटीत सगळ्यांसमोर सांगून टाकतो की मी निरोप नेत नाही, चिठ्ठी घेत नाही, नंबर लिहून घेत नाही. आत जाताना खिसे रिकामे. बाहेर येताना गीतांची पुस्तकं मी स्वतः झटकतो, शिपायासमोर. आई खरंच आजारी असेल तर तुरुंगाधिकाऱ्यांना तिथेच, त्या पोराच्या देखत सांगतो. कारागृहाचा अधिकृत फोन आहे, पत्र आहे, मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक आहेत. या वाटा सावकाश चालतात, मान्य. "फादर, तुम्हाला काळीज आहे की नाही?" असं मला तोंडावर विचारलं गेलंय. आहे ना. पण त्या मामांनाही घर होतं.

वचनांचंही तसंच. पुढच्या शनिवारी येतो म्हणालात, तर पुढच्या शनिवारी या. येणं जमणार नसेल तर म्हणू नका. आतला माणूस तुमच्या एका वाक्यावर अख्खा आठवडा काढतो.

कन्फेशन आणि त्यानंतरचा चहा

ही सूचना फक्त धर्मगुरूंसाठी. बराकीच्या कोपऱ्यात, चाळीस माणसांच्या गलक्यात कन्फेशन (पापांची कबुली) ऐकू नका. शिपायाला दिसेल पण ऐकू जाणार नाही अशी जागा आधी मागून घ्या. व्हरांड्याचं टोक, झाडाखालचा बाक, काहीही चालेल. मग ऑफिसात चहा येतो आणि साहेब सहज विचारतात, "काय म्हणतोय आमचा अमुक?" तिथे "बरा आहे" एवढंही बोलू नका. गुपित मोडता येत नाही हे सगळ्यांना पाठ असतं. पण कॅनन ९८४ त्याच्याही पुढे जातं. कन्फेशनमध्ये कळलेल्या गोष्टीचा, ती गुप्त राहिली तरी, त्या माणसाला बाधेल असा वापरही करायचा नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाने (२०२४ पर्यंतच्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या) वकिलाला जे संरक्षण दिलंय ते धर्मगुरूला दिलेलं नाही. म्हणून मी कन्फेशनआधीच सांगतो: पाप सांग, खटला सांगू नकोस. आणि नाव बदलून प्रवचनात किस्से सांगणाऱ्यांना तर माझे हात जोडून दंडवत. जेलच्या गोष्टी तासाभरात गावभर होतात.

एका ओळीत संपणाऱ्या

"तू काय केलंस?" हा प्रश्न कधीच विचारायचा नाही; सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल.

फोटो नाही. नाताळचा केक वाटतानाचासुद्धा नाही.

फक्त नाताळात गिटार घेऊन येणाऱ्या गटांना मी आता "जुलैत या" म्हणतो, आणि जुलैत कुणी येत नाही.

शिपायांशी नीट बोला. त्यांच्या ड्युट्या लांब असतात आणि त्यांची विचारपूस कुणी करत नाही.

भगवा धागा बांधलेला, नमाज पढणारा, कुणीही येऊन बसला तर बसू द्या. पण बाप्तिस्म्याचा विषय आत काढू नका, कुणी स्वतःहून काढला तरी "सुटल्यावर, घरच्यांसमोर, शांतपणे" एवढंच उत्तर. बंदिवासात घेतलेला धर्माचा निर्णय किती मोकळा असतो, याचा विचार करा. आणि असा एक आरोप झाला की राज्यभरच्या गटांचं काम अडतं.

तिसऱ्या भेटीत चमत्कार

सिस्टर राणी मारियांची कथा सगळ्यांना माहीत असते. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरजवळ बसमधून ओढून समुंदर सिंगने त्यांना भोसकून मारलं. पुढे त्यांच्याच सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मींनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. नवखे ही कथा ऐकून येतात आणि आपल्यालाही एखादा समुंदर सिंग मिळावा म्हणून वाट बघतात. राखी २००२ ची आहे. मधली सात वर्षं कुणी मोजत नाही. तिसऱ्या भेटीतच "फादर, त्याच्या डोळ्यांत पश्चात्ताप दिसला" असा मेसेज मला येतो. मला त्या माणसापेक्षा मेसेज पाठवणाऱ्याची काळजी वाटते, कारण पाचव्या भेटीत त्याच माणसाने शिव्या घातल्या की याची श्रद्धा ढासळणार असते.

जामीनदार व्हायची घाई

देशातल्या तुरुंगांत चारातले तीन जण न्यायाधीन असतात. काहींना जामीन मंजूर झालेला असतो, पण पैसे नाहीत किंवा जामीनदार नाही म्हणून ते आत. हे पहिल्यांदा कळलं की चांगल्या माणसाचं डोकं फिरतं आणि तो सही करायला निघतो. थांबा. आरोपी तारखेला आला नाही तर रक्कम तुमच्या मानगुटीवर, आणि एकासाठी सही केलीत की बराकीतले बाकीचे "मग माझ्यासाठी का नाही?" म्हणणार.

त्यापेक्षा कायदा थोडा वाचा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ आत काढला की सुटकेचा विचार व्हायला हवा. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले असणाऱ्यांना हे लागू नाही. अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवरच टाकली आहे. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजनाही आहे, न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी; सुरुवातीला तिची मर्यादा चाळीस हजार होती. आपण वकील नाही, सल्ला द्यायचा नाही. पण "तुमचं नाव ४७९ च्या यादीत आहे का, एवढं विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना विचारा" असं सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. माझ्या वहीत एक तृतीयांश आणि निम्मा हे दोन आकडे आणि प्राधिकरणाच्या ऑफिसची वेळ, एवढंच लिहिलेलं असतं. वहीही गेटवरच ठेवावी लागते, म्हणून पाठ करून जातो.