२८ मे १९९९ : चौघांचा फलक मुलांकडून कसा करून घ्यावा

कारगिल विजय दिवस आला की वर्गातल्या मुलांना वैमानिक नचिकेत माहीत असतात, वैमानिक अजय आहुजांचं नावही कोणीतरी घेतं. त्यांची विमानं कोसळली २७ मेला. दुसऱ्याच दिवशी तोलोलिंग शिखरावर हल्ला करायला गेलेलं हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं गेलं. त्यातल्या चौघांची नावं विचारली की वर्ग गप्प होतो. म्हणून २६ जुलैला एक फलक मी खास त्यांच्यासाठी लावते. तुमच्या शाळेतही लावा.

चित्रापासून सुरुवात करू देऊ नका. मुलांना आधी हेलिकॉप्टरच काढायचं असतं, मग नावं कोपऱ्यात दाटीवाटीने बसतात. कागदाच्या मध्यभागी एकाखाली एक लिहून घ्या: स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद, सार्जंट राज किशोर साहू. हुद्दे वेगळे असले तरी अक्षरं एकाच मापाची हवीत. ‘पुंडीर आणि त्यांचे सहकारी’ असं कोणी लिहिलं तर मी खोडायला लावते. दोन वैमानिक, एक फ्लाइट इंजिनिअर, एक फ्लाइट गनर. चौघं एकाच मोहिमेवर निघाले होते आणि चौघंही परतले नाहीत.

आता चित्र, पण नकाशा नको. नकाशात सगळं सपाट दिसतं आणि मुलांना काहीच उमगत नाही. डोंगराचा उभा छेद काढून घ्या. खाली द्रास गाव, सुमारे ३,३०० मीटरवर. वर तोलोलिंगचा माथा, साडेचार हजार मीटरच्याही वर. शत्रू माथ्यावर बसलेला, खांद्यावरून डागायचं स्टिंगर क्षेपणास्त्र त्याच्या हाताशी. रॉकेटं मारायला हेलिकॉप्टरला त्या माथ्याजवळ जावंच लागतं. द्रासपासून मोजलं तर ते खूप उंच आहे, पण स्टिंगरवाल्यापासून मोजलं तर अगदी जवळ. दोन्ही अंतरं मुलांना पट्टीने मोजू द्या. वर हवा विरळ असते, त्यामुळे पात्यांना उचल कमी मिळते आणि झटकन वळून निसटणं अवघड होतं, हे चित्राशेजारी दोन ओळींत लिहा.

स्टिंगर इंजिनाच्या उष्णतेचा माग काढत येतं. त्याला चकवायला हेलिकॉप्टरमधून जळते फ्लेअर सोडतात. या हेलिकॉप्टरवर ती सोय नव्हती. हे वाक्य गाळू नका. ‘मग पाठवलं कशाला?’ असं कोणीतरी विचारतंच. प्रश्न रास्त आहे, त्याला गप्प बसवू नका; फलकावर तसाच लिहू द्या. त्याखाली पुढचं घडलेलं लिहा: या घटनेनंतर एमआय-१७ ला अशा हल्ल्यांतून मागे घेतलं गेलं, आणि १३ जूनला राजपुताना रायफल्सच्या दुसऱ्या बटालियनने तोलोलिंग जिंकलं.

स्फोटाचं चित्र, आगीचे गोळे, पडण्याचा अभिनय हे काही करू देऊ नका. तो प्रसंग ज्यांच्या घरात घडला, ती माणसं हे पाहतील असं समजूनच फलक करायचा.

परिपाठात चार मुलांनी एकेक नाव वाचावं, हुद्द्यासकट आणि पूर्ण. ‘पी. व्ही. एन. आर.’ म्हणताना मुलं अडखळतात, तेव्हा आदल्या दिवशीच त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या.