लहान मुलांना संकटातल्या प्राण्यांची ओळख कशी करून द्यावी? गिधाडापासून सुरुवात करा

संकटात सापडलेल्या प्राण्यांबद्दल मुलांना सांगायचं ठरलं की बहुतेक घरांत आणि शाळांत एक तक्ता येतो. वाघ, पांडा, गेंडा, ध्रुवीय अस्वल. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘यांना वाचवा’. मूल तक्ता वाचतं, चित्र रंगवतं आणि विसरून जातं. दोष मुलाचा नाही. पांडाला वाचवायला डोंबिवलीतल्या दुसरीच्या मुलाने नेमकं काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. पाच ते नऊ वर्षांच्या मुलाला प्राण्यांची यादी देऊ नका. एकच प्राणी घ्या, महिनाभर त्याच्या मागे लागा आणि त्याची गोष्ट पहिल्यापासून सांगा: तो जगतो कसा, त्याच्यावर काय आलं, का आलं, माणसांनी ते कसं शोधलं, आज काय चाललंय. मी यासाठी गिधाड निवडते. ते गोंडस नाही, हे खरं. पण त्याच्या बाबतीत या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळालेली आहेत आणि ती लहान मुलाला समजतील इतकी सरळ आहेत.

पहिल्यांदा आपण समजून घ्या

मुलासमोर बसण्याआधी एवढं डोक्यात पक्कं असू द्या. १९८० च्या दशकापर्यंत आपल्या देशात कोट्यवधी गिधाडं होती. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की बघता बघता थवा उतरायचा आणि फक्त हाडं उरायची. १९९० च्या दशकात गिधाडं भराभर कमी होऊ लागली. २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली होती. लांब चोचीच्या गिधाडांचीही मोठी पडझड झाली.

कारण होतं डायक्लोफेनॅक. हे वेदना आणि सूज कमी करणारं औषध गुरांना सर्रास दिलं जायचं. औषध दिल्यानंतर लवकरच जनावर मेलं तर ते मांसात उरतं. ते मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात आणि काही दिवसांत ते मरतं. शास्त्रज्ञांनी हा संबंध २००४ मध्ये जगापुढे मांडला आणि २००६ मध्ये भारत सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. त्याऐवजी मेलोक्सिकॅम वापरता येतं, ते गिधाडांना बाधत नाही. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक या औषधांवरही गुरांसाठी बंदी आली.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण मुलं हमखास विचारतात. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू स्वतः अंडी घालण्याजोगं व्हायला साधारण पाच वर्षं जातात.

आधी गिधाड आवडू द्या

पहिला आठवडा संकटाचा शब्दही काढू नका. जो प्राणी मुलाला माहीतच नाही, तो मरतोय म्हटल्यावर मूल एक तर घाबरतं किंवा कंटाळतं.

सुतळी घ्या, दोन मीटर मोजून कापा आणि जमिनीवर सरळ पसरा. गिधाडाचे पंख साधारण एवढे पसरतात, कधी याहूनही जास्त. मुलाला सुतळीशेजारी हात पसरून झोपू द्या. मग बाबांना किंवा काकांना झोपवा. घरातल्या सगळ्यात उंच माणसाचेही हात बहुधा कमी पडतील. मुलांना हे फार आवडतं आणि सुतळी दोन-तीन दिवस तिथून हलत नाही.

दुसरा प्रयोग जेवणाच्या वेळी करा. मुलाच्या एका हातात जुना लोकरी मोजा चढवा, दुसरा हात उघडा ठेवा. दोन्ही हात मनगटापर्यंत दहीभातात बुडवायला सांगा. मग एकेक तांब्या पाणी घालून धुवा. उघडा हात लगेच स्वच्छ होतो. मोज्यातली शितं मात्र चोळून चोळूनही निघत नाहीत आणि थोड्या वेळाने त्याला आंबूस वास यायला लागतो. आता विचारा: गिधाडाला मेलेल्या जनावराच्या आत मान घालून खावं लागतं, तर त्याच्या मानेवर दाट पिसं असती तर काय झालं असतं? उत्तर मुलाच्या तोंडूनच येतं, आणि त्यानंतर ती उघडी मान त्याला कुरूप वाटत नाही.

मेलेलं जनावर खाण्याची गोष्ट लपवू नका. आपण नाक मुरडलं तरच मूल नाक मुरडतं. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं की सडक्या मांसातले कित्येक रोगजंतू तिथे मरतात, हे त्याला आश्चर्याने सांगा, कारण ते आश्चर्याचंच आहे. आणि रात्री झोपताना जटायूची गोष्ट सांगा. रावणाची वाट अडवून पंख गमावणारा जटायू हा गिधाडांचा राजा. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला तो पडला, अशी तिथली श्रद्धा आहे. जमलं तर ते तीर्थ दाखवून आणा.

वर बघायची सवय लावा

शहरात गिधाड दिसणार नाही, घार मात्र रोज दिसते. गच्चीवर जाऊन घारीची शेपटी बघायला सांगा: मध्ये खाच असते. गिधाडाची शेपटी आखूड, पंख रुंद आणि पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली. एवढा फरक सहा वर्षांच्या मुलाला चांगला कळतो. वहीत तारीख, वेळ आणि चित्र एवढंच लिहायला लावा.

गडांवर जात असाल तर उभ्या कड्यांकडे लक्ष ठेवा. लांब चोचीची गिधाडं कड्याच्या कपारीत घरटी करतात आणि खाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात. अर्थात इतर पक्ष्यांचेही असे ओघळ असतात, म्हणून दुर्बीण हवीच. हिवाळा हा त्यांचा विणीचा हंगाम, तेव्हा लांबूनच बघायचं, आरडाओरडा नाही, दगड तर मुळीच नाही. रायगड जिल्ह्यातलं फणसाड अभयारण्य गिधाडांसाठी ओळखलं जातं, पण ‘नक्की दिसेल’ असं वचन मुलाला देऊ नका.

आता काय झालं ते सांगा

या गोष्टीत खलनायक नाही, आणि म्हणूनच ती मला मोलाची वाटते. मुलांना मात्र खलनायक हवा असतो. शेजारच्या एका मुलीने गोष्ट ऐकून पहिला प्रश्न केला, “मग तो शेतकरी वाईट होता ना?” तिला सांगितलं, “नाही गं. त्याच्या गाईचा पाय सुजला होता. तिला बरं वाटावं म्हणून त्याने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनीही चांगल्या मनानेच इंजेक्शन दिलं. त्याचं पुढे काय होतं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आणि गिधाडाला वासावरून कळत नाही?” नाही कळत. असे प्रश्न यायला लागले की समजा, गोष्ट पोचली.

घरात आजी-आजोबा गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक घेत असतील तर गोळ्यांचं रिकामं पाकीट मुलाला दाखवा आणि ते नाव वाचू द्या. तेच औषध आजीला आराम देतं आणि गिधाडाला मारतं, हे त्या पाकिटामुळे जेवढं ठसतं तेवढं कुठल्याही व्याख्यानाने ठसत नाही. गोळ्या असलेलं पाकीट मात्र हातात देऊ नका.

चिंचोक्यांचा खेळ

तीस चिंचोके म्हणजे तीस गिधाडं. दहा चिठ्ठ्या म्हणजे दहा मेलेली जनावरं. त्यातल्या दोन चिठ्ठ्यांच्या एका बाजूला लाल टिंब काढा आणि टिंब खाली जाईल अशा सगळ्या चिठ्ठ्या पालथ्या ठेवा. प्रत्येक डावात मुलाने एक चिठ्ठी निवडायची आणि तिच्याभोवती दहा चिंचोके मांडायचे, कारण गिधाडं एकेकटी जेवत नाहीत. चिठ्ठी उलटा. लाल निघाली की दहाही चिंचोके बाद. चिठ्ठी परत टाका, पुन्हा मिसळा. तीन वेळा लाल निघाली की पट रिकामा. मोठ्या मुलांना सांगा की खऱ्या जगात शंभर जनावरांत एकाहून कमी जनावरात औषध असलं, तरीही गिधाडं संपत जातील, असं संशोधकांचं गणित सांगतं.

दुसऱ्या फेरीत लाल चिठ्ठ्या काढून टाका. ही झाली औषधबंदी. पटावर चारच चिंचोके ठेवा, म्हणजे दोन जोड्या. आता एक डाव म्हणजे एक वर्ष आणि प्रत्येक जोडीला वर्षाला एकच पिल्लू. नव्या चिंचोक्यांना पाच डाव झाल्याशिवाय जोडी करता येत नाही. मधूनच एखादं पिल्लू दगावतं, तेही काढून घ्या. तीसपर्यंत परत पोचायला किती डाव लागतात ते मुलालाच मोजू द्या. पहिल्या फेरीत दहा-दहा चिंचोके एकदम जातात, दुसरीत ते सावकाश वाढतात, मूल वैतागतं. वैतागू द्या, मधेच खेळ आवरू नका.

“सगळी मरणार का?”

हा प्रश्न येणारच. खोटा धीर देऊ नका आणि घाबरवूही नका. हरियाणात पिंजोरला गिधाडांचं प्रजनन केंद्र आहे. तिथे वाढलेली गिधाडं महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंचला आणली आणि काही काळ मोठ्या पिंजऱ्यात ठेवून २०२४ मध्ये मोकळी सोडली. त्यांच्या अंगावर बसवलेल्या छोट्या यंत्रांमुळे ती कुठे जातात ते कळतं. एवढं सांगितलं तरी मुलाचा चेहरा बदलतो. माणसं कामाला लागलीत, हे त्याला ऐकायचं असतं.

“आपण एक पाळू या?” असंही विचारतात. नाही, वन्य प्राणी घरी ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पिंजऱ्यातला आपला देशी पोपटही त्यात येतो. शेजाऱ्यांकडे पोपट असेल तर हे उत्तर जरा अवघड जातं, पण द्या.

मुलाच्या हाताला काम द्या

संक्रांतीला सुती मांजाच आणायचा, हा निर्णय मुलाला घेऊ द्या. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, कारण त्यात पक्षी कापले जातात, माणसंही. संक्रांत झाली की मोठ्या माणसाबरोबर गल्लीत पडलेला मांजा गोळा करून बारीक तुकडे करून टाकायचे.

गावाकडे गुरं असतील तर मुलाने आजोबांना एकच विचारायचं: “आपल्या गाईला कुठलं औषध देतात?” नातवाने विचारलेलं आजोबा मनावर घेतात, आणि पुढच्या खेपेला तेच गुरांच्या डॉक्टरांकडे मेलोक्सिकॅमची चौकशी करतात. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी जागतिक गिधाड दिन असतो. तो निमित्ताला धरून ती दोन मीटरची सुतळी शाळेत न्या आणि वर्गाला हात पसरून झोपवा.

पुढचा प्राणी

महिना संपला की पुढचा प्राणी मुलालाच निवडू द्या, शक्यतो जवळचा. कोकणात ऑलिव्ह रिडले कासव घेता येईल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास पिल्लं समुद्रात जाताना बघायला मिळतात आणि गावकऱ्यांच्या घरी राहताही येतं. सोलापूरकडच्या मुलांसाठी नान्नज अभयारण्यामुळे ओळखीचा झालेला माळढोक पक्षी आहे. माळढोक आता देशात फार थोडे उरलेत आणि बहुतेक राजस्थानात आहेत. हा जड पक्षी उडताना समोरची वीजवाहक तार वेळेत पाहू शकत नाही आणि आदळतो. म्हणून राजस्थानात काही ठिकाणी तारांवर त्याला दिसतील अशा चकत्या टांगल्या आहेत. त्याची सुरुवात घराच्या खिडकीतूनही करता येते: इथून किती तारा दिसतात, आणि आकाशाकडे बघत चाललो तर त्यातल्या किती नजरेतून सुटतात, हे मुलाला मोजायला सांगा.