यंत्राला कोप समजावून सांगताना : मुलांसोबत येळवशीचे भेटकार्ड कसे करावे

मार्गशीर्षातील वेळ अमावास्या, म्हणजेच आपली येळवस, डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येते. त्या दिवशी घरची माणसे रानात जातात, ज्वारीच्या कडब्याची, म्हणजे वाळलेल्या ताटांची, लहान कोप (खोप) करून तिच्यात पाच पांडवांची पूजा करतात आणि तेथेच जेवतात. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते आणि गावे ओस पडून शिवारे भरतात. मात्र नोकरीसाठी किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्याला गेलेल्या काका-मावश्यांना, दादा-ताईंना त्या दिवशी सुट्टी नसते. अशा माणसांसाठी घरातील मुलांनी एआयच्या, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, मदतीने भेटकार्ड तयार करावे आणि ते टपालाने पाठवावे, असा उपक्रम गेली दोन वर्षे मी माझ्या भाचीसोबत करते आहे. त्यातून जे जमले आणि जे फसले, ते इतर पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहिते.

सुरुवात वयाच्या अटीपासून करावी लागते. चॅटजीपीटी या एआय साधनाच्या नियमांनुसार वापरणाऱ्याचे वय किमान 13 वर्षे असावे लागते आणि 18 वर्षांखालील मुलांना पालकांची संमती लागते. इतर साधनांच्या अटी वेगवेगळ्या आहेत, म्हणून ज्या साधनाचा वापर करणार त्याची अट आधी वाचावी. लहान मुलांच्या बाबतीत मी स्वतःचे खाते उघडते, टंकलेखन स्वतः करते आणि मूल शेजारी बसून सांगते. मुलाचे पूर्ण नाव, शाळा, गाव, घरच्यांचे फोन नंबर आणि कुणाचेही छायाचित्र यंत्रात घालू नये. आपल्या देशाच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली गेली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. कायदा इतकी काळजी घेत असताना आपण आजीचा किंवा बाळाचा फोटो सहज चढवून टाकणे योग्य नाही. कार्डावर घरच्यांचा फोटो हवाच असेल, तर त्याची छोटी प्रत काढून ती खळीने चिकटवावी. ती दिसतेही अधिक छान.

आता चित्राकडे वळू. पहिल्या वर्षी मी घाईने "वेळ अमावास्येचे चित्र काढ, त्यात पाच पांडवांची पूजा दाखव" एवढेच लिहिले. समोर आले ते मुकुट घातलेले, धनुष्यबाण घेतलेले पाच राजे आणि मागे संगमरवरी मंदिर. भाची चित्राकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "मावशी, आपले पांडव तर दगडाचे असतात की." तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. ही यंत्रे चित्रे आणि त्यांच्यासोबतचे वर्णन यांच्या प्रचंड साठ्यावरून शिकलेली असतात. पांडव म्हटले की त्या साठ्यात महाभारतातील योद्धेच सापडतात. ज्वारीच्या रानात चुन्याने रंगवून ओळीने मांडलेले पाच दगड त्यात क्वचितच असणार. त्यामुळे सणाचे नाव सांगून भागत नाही, डोळ्यांना जे दिसते ते सांगावे लागते.

या उपक्रमातील सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो, म्हणून येथे घाई करू नये. यंत्र सुरू करण्यापूर्वी मुलाला वहीत लिहायला सांगावे : रानात गेल्यावर सगळ्यांत आधी काय दिसते, पायाखाली काय असते, कोप कशाची करतात, तिच्या आत काय ठेवतात, कोण कुठे बसते. भाचीने लिहिले होते, "कोप कडब्याच्या पेंढ्यांची असते, वरून शाल टाकतात, आत वाकून जावे लागते." यातील "वाकून जावे लागते" या तीन शब्दांनी चित्रातील कोपीचा आकार ठरला. त्याआधी नुसते "कोप" लिहिल्यावर यंत्राने खिडकी-दारांची झोपडी काढली होती. आम्ही शेवटी दिलेली सूचना अशी होती :

"हिवाळ्याची सकाळ. काळ्या जमिनीत माणसाच्या उंचीची हिरवी ज्वारी. मधल्या मोकळ्या जागेत वाळलेल्या कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून केलेली लहान, वर निमुळती खोप. तिची उंची मोठ्या माणसाच्या छातीइतकी आणि वरून रंगीत शाल पांघरलेली. खोपीच्या आत चुन्याने पांढरे केलेले पाच लहान दगड ओळीने मांडलेले, त्यांवर हळदीकुंकू. शेजारी आंबिलाचे मातीचे मडके. बाहेर घोंगडीवर आजी, दोन मुले आणि लुगडे नेसलेली बाई जेवायला बसलेली. मुलांच्या चित्रपुस्तकातील जलरंगाची शैली. चित्र उभे. चित्रात कोणतीही अक्षरे नकोत."

सूचना मराठीत देता येते, ती इंग्रजीत करण्याची गरज नाही. मात्र आंबील, भज्जी, उंडे असे शब्द एकटे सोडू नयेत. आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ आणि ताक यांचे पांढुरके पातळ पेय, भज्जी म्हणजे हिरव्या शेंगांचे दाणे आणि भाज्या एकत्र शिजवलेली घट्ट भाजी, उंडे म्हणजे बाजरीच्या पिठाचे गोळे, असे रंगरूप सोबत लिहावे. अन्यथा भज्जीच्या जागी तळलेली कांदाभजी येण्याचा संभव असतो. चित्र पहिल्या फेरीत मनासारखे येत नाही. दुरुस्ती सांगताना एका वेळी एकच गोष्ट सांगावी, म्हणजे कोणत्या शब्दाने काय बदलले ते मुलाच्या लक्षात येते. तीन-चार फेऱ्यांनंतर थांबावे. आमच्या चित्रात एका मुलाच्या हाताला सहा बोटे राहिली होती, ती भाचीनेच शोधून काढली आणि छापलेल्या कार्डावर तेथे रंगीत पेन्सिलीने ज्वारीचे पान काढले.

सूचनेतील शेवटचे वाक्य, "अक्षरे नकोत", कधीही विसरू नये. चित्र काढणारी यंत्रे देवनागरी अक्षरेही चित्रासारखीच रेखाटतात, त्यामुळे जोडाक्षरे आणि वेलांट्या अनेकदा बिघडतात. पहिल्या वर्षी "शुभेच्छा" या शब्दातील च्छ मोडलेल्या अवस्थेत छापला गेला आणि ते कार्ड पाहुण्यांकडे पोचल्यावर मला फार वाईट वाटले, कारण ती चूक मुलीच्या नावावर जमा झाली. अक्षरे मुलाने स्वतःच्या हाताने लिहावीत, हे सर्वांत उत्तम. हात फारच लहान असेल आणि टंकलेखन करावेच लागले, तर ते चित्रावर वेगळे करावे, त्यासाठी मुक्त किंवा बलू असा मोफत मिळणारा टंक वापरावा आणि शाळेत शिकवतात तसे पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श उमटतात का, तेही पाहून घ्यावे.

मजकुराच्या बाबतीत माझे मत ठाम आहे : तो यंत्राकडून लिहून घेऊ नये. "येळवशीच्या शुभेच्छा लिहून दे" असे सांगितले, की "हा सण आपल्या जीवनात सुख, समृद्धी आणि भरभराट घेऊन येवो" अशा धर्तीचे वाक्य मिळते. त्यात चूक काही नाही, पण ते कोणत्याही सणाला आणि कोणालाही चालते, म्हणून ते काकांचे होत नाही. यंत्राचा खरा उपयोग प्रश्न विचारून घेण्यासाठी करावा. आम्ही लिहिले, "मला माझ्या काकांना सणाचे कार्ड लिहायचे आहे. तू मजकूर लिहू नकोस. मला एकेक करून पाच सोपे प्रश्न विचार आणि माझ्या उत्तराची वाट बघ." काका असते तर त्यांनी आज काय केले असते, असा त्यातील एक प्रश्न होता. बराच वेळ पेन चावून भाचीने उत्तर दिले आणि तेच उत्तर जसेच्या तसे कार्डात गेले : "काका, तुम्ही आला असता तर आंबील पिऊन लिंबाखाली झोपला असता. मी तुमच्या वाट्याचा उंडा गाईला दिला." येथे बारकाईने बघणाऱ्यास दिसेल, की कार्ड सणाआधी पोचायचे होते, म्हणजे उंडा अजून दिलेला नव्हता. मी ते तिच्या लक्षात आणून दिले, तेव्हा तिने "दिला" खोडून "देणार आहे" केले. ती खाडाखोड मी तशीच राहू दिली.

छपाईचे गणित सोपे आहे, पण ते चुकले की चित्र फिसकटते. 1024 बाय 1536 पिक्सेलचे उभे चित्र चांगल्या छपाईत, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, सुमारे 8.7 बाय 13 सेंटिमीटर एवढेच होते. म्हणून ए-4 आकाराच्या जाड कागदाचे दोन भाग करावेत आणि प्रत्येक भाग मध्ये दुमडावा. दुमडलेल्या कार्डाचे तोंड 10.5 बाय 14.8 सेंटिमीटरचे होते, त्यात हे चित्र चारही बाजूंनी कोरी जागा ठेवून नीट बसते आणि एका कागदात दोन कार्डे होतात. झेरॉक्सच्या दुकानात चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नये, कारण पाठवताना त्याचा दर्जा उतरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावे किंवा पेनड्राइव्हवर न्यावे. छापताना मापे बदलू नका, असे दुकानदाराला स्पष्ट सांगावे. कार्डाच्या मागे मुलाकडून एक ओळ लिहून घ्यावी : "चित्र एआयच्या मदतीने, मजकूर आणि अक्षर माझे." कोणते काम कोणाचे, हे सांगण्याची सवय या वयात सहज लागते.

कागद 200 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचा, घेतल्यास असे एक कार्ड सहा ग्रॅमच्या आसपास भरते. साध्या पत्रासाठी टपालाची पहिली पायरी 20 ग्रॅमची असल्याने पाकीट धरूनही जागा उरते. त्या जागेत आम्ही आमचा पत्ता लिहिलेले एक कोरे पोस्टकार्ड घालतो. पाकिटावरचा पत्ता आणि सहा अंकी पिनकोड मुलानेच लिहावा, मोठ्यांनी फक्त अंक तपासावेत, आणि येळवशीच्या किमान दहा दिवस आधी पाकीट पेटीत पडेल असे बघावे. मागच्या वर्षी पुण्याहून परत आलेल्या पोस्टकार्डावर काकांनी तीनच ओळी लिहिल्या होत्या. त्यांतील एक ओळ त्या गाईची विचारपूस करणारी होती.